टिंब ओळीच्या टोकाशी थांबतं

क्लाक्स्विकच्या बंदर-कचेरीत
नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
तिसऱ्या मजल्यावर मी, एक थर्मास,
आणि हानुसचा प्रोग्राम:
एकेचाळीस हजार ओळी.
कुठली बोट कधी आली, कुठल्या धक्क्याला लागली,
किती टन बांगडा उतरला,
हे तीस वर्षं मोजत आलेल्या.

काम सांगितलं ते एका वाक्याचं:
शेऱ्यांचा केर काढ, कोड नव्या कंपनीला दे.
शेरे म्हणजे तिरकी रेघ नि चांदणीने उघडणारं,
चांदणी नि तिरक्या रेघेने मिटणारं,
यंत्र वाचत नाही असं बोलणं.

मी नमुना लिहिला. मधे टिंब.
टिंब म्हणजे काहीही: अक्षर, आकडा, मोकळी जागा,
आमच्या भाषेतला तो ð सुद्धा,
जो आम्ही लिहितो आणि उच्चारत नाही.
टिंबामागे चांदणी: हवं तितकं.
वाटलं, झालं.
एकओळी शेरे पटापट गळाले.
पण जिथे हानुसला दोन ओळी बोलायचं होतं
तिथे टिंब पहिल्या ओळीच्या टोकाशी जाऊन उभं,
परक्या दारात
चपला काढाव्यात की नाही हे न कळलेलं.
सगळं खातं, ओळीचा शेवट तेवढा खात नाही.

मग त्याच्या जागी [\s\S] बसवलं:
रिकामं असो, भरलेलं असो, घे.
घेतलं.
पहिल्या शेऱ्याच्या उघडत्या रेघेपासून
शेवटच्या शेऱ्याच्या मिटत्या रेघेपर्यंत
सगळ्या बोटी, सगळे धक्के, सगळा बांगडा
एका घासात.
पडद्यावर अकरा ओळी उरल्या.
दोष त्याचा नाही.
आधाशाला पानावर मी बसवलं
आणि पुरे म्हणायला शिकवलं नाही.
पुरे म्हणजे एक प्रश्नचिन्ह, चांदणीच्या मागे.

आता तीनशे बारा शेरे सापडले.
एकाच्या आत मात्र
ओळ संपत होती आणि संपत नव्हती:
नुसता \r, त्याच्यामागे \n नाही.
विदारेयीला फोन लावला.
हानुस मेंढ्यांना आत घेत होता, धापा टाकत म्हणाला,
"तारघरात होतो ना मी पोरवयात.
गाडा डावीकडे आणायची एक खूण,
कागद वर सरकवायची दुसरी.
गाडा जड. परत येईपर्यंत पुढचं अक्षर
वाटेतच डाग होऊन उमटायचं,
म्हणून दोन खुणा. तेवढाच वेळ मिळायचा त्याला."

आणि नुसता गाडा आणला, कागद सरकवलाच नाही तर?

वारा ऐकू आला. मेंढीची घंटा.
"तर लिहिलेल्यावरच लिहिलं जातं,"
म्हणाला, आणि हवामानाबद्दल बोलू लागला.

काळ्या पडद्यावर तो शेरा असा दिसतो:
धक्का चार, भरती-ओहोटीचा हिशेब, तपासला, बरोबर.
मी \r च्या जागी \n ठेवला.
कागद एक ओळ वर सरकला
आणि खालचं वर आलं:
हे गणित माझं नाही. मारयूनचं.

कोण मारयून, कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं.
हिशेबनीस म्हणाली, चहा करायची एक होती बहुतेक.
शिपाई म्हणाला, नाही, ती दुसरी.
मी परत फोन केला नाही.

शेरे सगळे काढले, तीनशे बारा, कबूल केल्याप्रमाणे.
फक्त चौथ्या धक्क्याच्या फंक्शनचं नाव बदललं.
ते यंत्र वाचतं, ते कुणी केर म्हणून काढत नाही.
प्रोग्राम लगेच सात ठिकाणी मोडला.
सातही ठिकाणी जाऊन
हाताने, नमुना न वापरता,
मारयून लिहिलं.