पाऊण तास

आधी दोरी सोडतो बावीत.
दोरीला हातहातभर अंतरावर गाठी.
काल सहा गाठी कोरड्या वर आल्या,
आज सहा आणि एक वीत.
वहीत लिहितो. वही पंचायतीची, वीत माझी.

मग हिरवं बटण. पाच वाजून दहा मिनिटं.
ओहोटी लागलेली, खाडीवर चिखलाचा वास.

भंडारवाडीला वीस मिनिटं, मोहल्ल्याला पंधरा,
वरच्या आळीला दहा,
त्यातली पहिली तीन चढावर नुसती हवा.
लोक म्हणतात, टेमकर असं पाणी सोडतो
जशी बाव ह्याच्याच सातबाऱ्यावर.

कसं सांगू?
पेज निवली की वर निवळ येते ना,
तसं गोडं पाणी बसलंय खाऱ्यावर.
वरवर पळी फिरवा, मिळत राहील.
खोल घातलीत
तर खालून शितं नाही येणार.

मे महिन्यात बंद घरं उघडतात,
गच्चीगच्चीवर काळ्या टाक्या.
परवा रिसॉर्टवाला आला, खिशात पाकीट,
"फक्त दोन तास जादा, टेमकर. कुणाला कळतंय?"

सतरा वर्षांपूर्वीही दोनच तास ठरले होते.
सरपंचांकडे लग्न, दीड हजार पान,
मोटर रात्रभर ओढत राहिली, उधाणाची अमावास्या.
दुसऱ्या सकाळी गावभर चहा नासला.
बायांनी टोपं घासली, पुन्हा घासली,
दूधवाल्या गोविंदाला दारातून परत पाठवला,
शेवटी त्याच्याच पोराने
नुसतं पाणी पिऊन थुंकलं.
बावीकडेच्या पोफळी शेंड्याकडून करपल्या.
दोन पावसाळे गेले
जिभेवरून ते उतरायला.

त्या रात्री बटणापाशी कोण बसलं होतं
ते गावाला माहीत आहे. गाव बोलत नाही.
वही तेव्हा नव्हती.

आता इंजिनियर मीटर देऊन गेलाय,
पेनाएवढा, पाण्यात धरला की आकडा.
आकडा लिहितो,
आणि मग पाठमोरा होऊन
एक ओंजळ चाखतोच.

झुलेखाबी हंडा पुढे सारते.
"कसंय?"
"गोडंय."
"मग चालव की आणखी दहा मिनिटं!"

पाच पंचावन्न.
लाल बटण.
तिचा हंडा गळ्यापर्यंत आलेला,
काठोकाठ नाही.
ती एकदा हंड्याकडे बघते, एकदा माझ्याकडे,
आणि चुंबळ नीट करते.