चाळीस कला

रुस्तावीत, पोलाद कारखान्याच्या मागच्या फाटकासमोर
माझी शेड आहे. शेडवर पत्रा, पत्र्यावर पाटी:
साधी अलाइनमेंट तीस लारी, पूर्ण सत्तर.
लोक पाटी नीट वाचतात आणि साधी म्हणतात.
मीही बाजारात असाच वागतो, म्हणून बोलत नाही.

साधी म्हणजे पुढची दोन चाकं.
चवडे आत वळलेत की बाहेर, एवढंच बघायचं,
टाय रॉडचा नट सैल करायचा, पाव फेरा, अर्धा फेरा,
पुन्हा आवळायचा.
गिऱ्हाईक तोवर सिगारेट ओढतं
नाहीतर फोनवर कुणाच्या तरी लग्नावरून भांडतं.

नानुली काहीच करत नव्हती. हात मागे बांधून उभी.
जनावरांची डॉक्टर, साठीची, बुटाला शेण,
जुनी फॉरेस्टर, तिच्यात लशींचा डबा आणि दोरखंड.
"गोंबोरीच्या घाटात
उजव्या वळणावर एक बोलते, डाव्या वळणावर दुसरंच.
ओल्या रस्त्यावर तर मागून कुणी ढकलल्यासारखी."
म्हटलं, पूर्ण करा.
म्हणाली, तीस.

केली. मशीनवर सगळं हिरवं,
स्टिअरिंग बरोबर मधोमध.
आठव्या दिवशी ती परत.
सरळ रस्त्यावर स्टिअरिंग उजवीकडे कललेलं,
शेजारच्या घरातलं बोलणं ऐकणाऱ्या माणसासारखं.

मी तिचा हात धरून मागच्या उजव्या टायरवर ठेवला,
आतल्या कडेवर.
एकीकडून गुळगुळीत. उलटा फिरवला तर करवत.
ती थांबली.
"गाय मागच्या खुराने लंगडत असली
की मान पुढे टाकते," ती म्हणाली.
"शिकाऊ पोरं मानच तपासत बसतात."
मग स्वतःवरच हसली:
"दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. लाव सगळी यंत्रं."

चारही चाकांना निशाण्या बांधल्या. कॅमेऱ्याने पाहिलं.
अंशाच्या पोटात साठ कला असतात;
मागचं उजवं चाक चाळीस कला फेंगडं.
एवढंच. डोळ्याला दिसत नाही.
पण मागची जोडी गाडी एकीकडे फिरवायची,
नानुली पुढची वळवून तिला आवरायची,
आणि या ओढाताणीतून जे पुढे सरकायचं
त्याला ती सरळ म्हणायची.

बोल्ट गंजून सांध्यातच झोपलेला.
तेल पाजलं, शेगडी दाखवली, शिव्या दिल्या.
तो हलेपर्यंत तिने सांगितलं:
चार हिवाळ्यांमागे, रात्री, वासरू आडवं आलेली गाय,
बर्फावर गाडी घसरली, मागचं चाक दगडावर.
उतरून पाहिलंही नाही.
"वासरू?"
"मोठं झालं. आता मलाच शिंगं दाखवतं."

मग नदीकडच्या रस्त्यावर चाचणी. ती चालवत होती, मी शेजारी.
शंभर पावलं गेलो नाही तोच
गाडी उजवीकडे, पॉपलरच्या झाडांकडे.
"अजून वाकडीच आहे!"
"गाडी नाही. हात."
तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं,
जणू कुणीतरी आत्ताच तिच्या मांडीवर आणून ठेवलेत.
चार हिवाळे ते नकळत उजवीकडे ओढत होते.
बोटं सैल केली. गाडी आपली आपण गेली,
पुलापर्यंत, धान्याच्या ट्रकमागून.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"हे फार सोपं आहे. मला झोप लागेल."

तीस आधीच दिले होते, मी वर चाळीसच घेतले.
कलेला एक लारी.
कागद छापून दिला. तिने चष्मा काढला, घातला,
सगळ्या हिरव्या आकड्यांवरून बोट नेत
तळाच्या एका लाल आकड्यावर थांबली.
"हा?"
पुढच्या डाव्या चाकाचा कॅस्टर.
त्याला कंपनीने स्क्रूच दिलेला नाही, म्हटलं.
"किती त्रास देईल?"
थोडा. वाऱ्यात.
तिने कागदाची घडी घालून सनव्हायजरमागे खोचली
आणि वारा कुठला आहे ते बघितलं.