हद्दीवरचा ओंडका

जूनच्या वादळात पाइन पडला तो नेमका हद्दीवर:
मुळं माझ्या बाजूला, शेंडा वाल्फ्रिदच्या ओटच्या हिरव्या शेतात.
एकोणीस वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
तो करवत घेऊन आला, मी कुऱ्हाड.
"साल आजच काढायला हवी," तो झाडाला म्हणाला.
"नाहीतर बुरशीनं निळा पडेल," मीही झाडालाच.

दोन मुठींची सुरी एकच होती, माझी.
आळीपाळीनं ओढली. साल सुटत गेली लांब लांब,
आतलं अंग नुकत्या जन्मलेल्या वासरासारखं.
कायनूत जूनला रात्र नसते;
आधी थांबायचं कुणी, हेच ठरेना.

दोन्ही तोंडांना गोठ्याचा उरलेला लाल रंग फासला,
पाणी घाईनं पळू नये म्हणून.
मग पाठीवर एक उभी चीर, थेट गाभ्यापर्यंत.
"लाकूड तडकणारच," वाल्फ्रिद म्हणाला,
"कुठे, एवढंच आपण सांगायचं."
हे मला होतं का, मी विचारलं नाही.

ओंडका छपराखाली, जमिनीपासून वीतभर वर.
त्याचीच एक चकती माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर,
दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी.
बाराशे चाळीस.
हजार नव्वद.
आकडा कॅलेंडरवर लिहायचा, कॉफी प्यायची, टोपी घालायची.

फेब्रुवारीत एका रात्री बंदूक उडाली.
दोघंही बर्फात धावलो, लोकरी चड्ड्यांवर, कंदील घेऊन.
चीर बोटभर रुंदावली होती.
बाकी अंगावर ओरखडा नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात सहाशे ऐंशी.
जुलैत सहाशे ऐंशी.
ऑगस्टातही.
आता वजन करण्यात अर्थ नव्हता.
सप्टेंबरात तो आला, शनिवारीच.

राहिली राळ. ती बसवायला ताप हवा,
म्हणून माझ्या सौनात
तिघं घाम गाळत बसलो: मी, तो, ओंडका.
ओंडका सर्वांत कमी कण्हला.
गाठींतून पिवळे थेंब आले, थबकले, काच झाले.

मग रंधा. मग जवसाचं तेल, चमचाभर डांबर घालून,
फडक्यानं, तीन हात, प्रत्येक हातानंतर आठवडाभर वाट.
घाई केली की चिकट राहतं
हे दोघांनाही माहीत होतं,
दोघांनीही तिसरा हात चौथ्याच दिवशी दिला.

बाक तळ्याकाठी ठेवलाय.
ती जागा कुणाची, ते अजून निघालेलं नाही.
काल उठताना वाल्फ्रिदची विजार चिकटली.
चर्रर्र.
मागं वळून त्यानं बाकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"ही," तो म्हणाला, "तुझ्या बाजूची राळ."