शिसपेन्सिल

नंबर अजून तोच, ८३७, पाठीवर पिवळी पडलेली पट्टी.
आत चिकटवलेल्या कागदावर सभासद २१२,
खाली पुन्हा २१२, पुन्हा २१२,
मध्ये एकदा कुणीतरी ९०, मग परत २१२.
दोनशे बारा म्हणजे मी.

मार्केट यार्डातून तशीच आले. सौदा आटपला
की तासगावात दुपारी तासभर कुणी कुणाला हाक मारत नाही.
बोटं बेदाण्यानं चिकट होती, नळावर धुतली,
पदराला पुसली, वास राहिला.
खिडकीजवळच्या बाकावर सतराव्या वर्षी जागा मिळायची नाही,
पेन्शनर पेपर धरून बसायचे.
आज पेन्शनरच सरकून म्हणाले, बसा बाई.

ह्या पुस्तकापायी मी एकदा भाकरी करपवली,
एकदा विट्याची गाडी चुकवली,
आणि बघायला आलेल्या पहिल्या मुलाला
मनातल्या मनात नापास केलं, कारण त्याला
ह्यातल्या नायकासारखं गप्प बसता येईना.
आज चाळिसाव्या पानावर कळलं,
नायक गप्प बसतो
कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.
तो आला की दर वेळी वारा सुटतो.
अकरा वेळा सुटला. मी मोजलं.

यार्डात माल असाच बघतात,
मूठभर घ्यायचा, अंगठ्यानं दाबायचा,
रंगावर जायचं नाही.
चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा.
बाकी पाणी होतं.
गोड होतं, पण पाणी.

किलोभर निघालं, नाही असं नाही.
एक नावाडी आहे, नऊ ओळींचा.
अंधारात नाव दिसायच्या आधी त्याचा खोकला ऐकू येतो,
आणि काठावरची माणसं त्या खोकल्यावरून ओळखतात
आज धारेला किती ओढ आहे.
तेव्हा हे पान मी दर वेळी उलटून टाकलं,
नायक त्यात नव्हता.
आज दोनदा वाचलं, आणि खाली रस्त्यावर
टेम्पोचा हॉर्न वाजला तर दचकले.

मग एकशे बारावं पान.
"वाट पाहणं हेच माझं घर."
खाली माझी रेघ, पट्टी लावून मारलेली, दुहेरी.
समासात दुसरं अक्षर, बारीक, तिरकं:
"घरभाडं कोण भरतं? ७ वर्षं × १२ = ८४ महिने."
त्याच्याखाली माझं, इतकं दाबून की पलीकडच्या पानावर उठलंय:
"तुम्हाला नाही कळणार."

किती रडले होते त्या समासावर.
वाटलं, कुणीतरी सोसायटीचा सेक्रेटरी असणार,
ढेकर देत वाचणारा.
आज तोच हिशेब धरून मागं गेले.
पान एकसष्टला एक मावशी आहे.
पहाटे चारला उठते, लोकांची दळणं निवडते,
दोन ओळींत येते आणि जाते,
लिहिणाऱ्यानं तिला नावसुद्धा दिलेलं नाही.
चौऱ्याऐंशी महिने तिचेच.

पुस्तक मिटलं तेव्हा पाठीवरचा सात दिसला,
शेपूट आत ओढून निजलेल्या मांजरासारखा.
समासातला सातही तसाच निजलेला.
शिकलगार सर!
'पुस्तकांवर लिहू नये' ही पाटी ज्यांनी स्वतः रंगवली,
ह्याच पानाचा पंचवीस पैसे दंड
ज्यांनी माझ्याकडून वसूल केला,
पावती फाडली, चष्म्यावरून बघितलं,
ओठ जरासे हलले,
आणि मला वाटलं, राग.

सर जाऊन नऊ वर्षं झाली.

टेबलावरच्या मुलीकडे पेन्सिल मागितली.
माझ्या ओळीखाली बोटभर जागा उरली होती.
लिहिलं: "मावशी."
मग पर्समधून सुटे काढले, विचारलं, दंड किती?
तिनं मोबाइलवरून मान वर केली, हसली.
दंड कधीच बंद झाला, काकू.
लिहितंय कोण आता.