टपाचं कापड

आधी मागच्या सीटवर उतरलं,
गाभण म्हशीच्या पोटासारखं.
हे म्हणाले, हवा भरायलीय, काच लाव.
काच लावली. तरी खालीच येत गेलं.

मग टाचण्या.
माझ्याच डब्यातल्या, रंगीत मुंडीच्या,
कटोरी ब्लाउजला लावते त्या.
सेलू-जिंतूर रस्त्यानं निम्म्या गळून पडल्या.
एक यांच्या कॉलरमधे गेली.
ती शोधावी लागली नाही.

हे सहा फुटांचे, त्यात गुरांचे डॉक्टर.
दोन उन्हाळे मान डावीकडे टाकून गाडी हाकली,
जनावराच्या कुशीला कान लावल्यासारखी.
समोरून येणारा ट्रॅक्टरवाला वेग कमी करायचा.
त्याला वाटायचं, साहेब कायतरी विचारायलेत.

मोंढ्याजवळच्या जलील कुशनवाल्यानं साडेचार हजार सांगितले.
"भाभी, पूरा टप उतारना पडता."
मी म्हणलं, उतरवू की.
तीस वर्षं कोटांना अस्तरं लावली,
हे पण अस्तरच,
फक्त आत आपण बसतो.

मे महिना. लिंबाखाली गाडी.
दिवा काढला, धरायच्या दांड्या काढल्या,
उन्हाच्या झडपा, खांबांवरची प्लास्टिकं.
स्क्रू वाटीत, वाटी शेजारच्या अवधूतकडे,
दर दोन मिनिटाला मोजून सांगायचा. एकोणीस. एकोणीसच.
पाटी मागच्या दारातून काढली
आडवी, मग तिरपी, मग थोडं भांडून,
अरुंद दारातून पलंग काढावा तशी.

कापड धरून ओढलं.
त्यानं काही वादच घातला नाही.
खाली फोमचं पीठ,
सोळा उन्हाळे पत्र्याखाली भाजलेलं,
तपकिरी, चिकट, कशातच न मळता येणारं.
भांड्याच्या घासणीनं खरवडत बसले.
यांच्या मिशा पिवळ्या, माझ्या भुवया पिवळ्या,
अवधूत म्हणाला, काकू, हळद लागली तुमची.

पीठ गेल्यावर पाटीवर एक खूण दिसली.
खडूची. बरोबरची.
कारखान्यात कुणीतरी तपासून केली असणार,
जेवायच्या सुट्टीआधी, घाईत, शेपूट लांब गेलेलं.
सोळा वर्षं आमच्या डोक्यावर 'बरोबर' लिहिलेलं होतं.
ज्या रात्री कर्जावरनं बोलणं बंद झालं
त्या रात्री मानवतहून येतानासुद्धा.
हात जरा थांबला.
मग घासली.
खडूवर सोल्युशन धरत नाही.

दुपारी लावलं तर ब्रश उचलेपर्यंत वाळतं,
म्हणून पहाटे पाचला.
पाटीलाही लावायचं, कापडालाही,
आणि मग थांबायचं.
बोटाला ओढ लागली पाहिजे, बोट ओलं होता कामा नये.
हे मला शिकवून येत नाही, यांना शिकवून आलं नाही.
"झालं का? झालं का आता?"
जनावर अडलं की रात्र रात्र बसणारा माणूस
गोंदापुढं पाच मिनिटं बसेना.

मधून सुरू करायचं, कडेला जायचं.
कापडाला एका बाजूनं ओढ जास्त असते,
ती बाजू आडवी ठेवायची, हे मला ठाऊक.
यांनी त्यांच्या टोकाला जरा आधीच टेकवलं.
एक चुणी राहिली, वीतभर,
बरोबर ड्रायव्हरच्या डोक्यावर.
उपसून परत लावायला गेले
तर फोम सुटायला लागला.
म्हणाले, राहू दे, माझ्या सहीसारखी दिसती.
त्यांची सही खरंच तशी आहे.

सगळं परत बसवलं.
अवधूतच्या वाटीत एक स्क्रू उरला.
कुठला ते अजून कळलं नाही.
दिवा लागतो, दांड्या धरतात,
वाटी मी मशीनच्या खणात ठेवलीय.

परवा बोरीला एक गाय बघायला निघाले, मीही बसले.
टप कसा ताणलेला, राखाडी,
डोक्यापासून चार बोटं वर.
आणि यांची मान डावीकडे.
"अहो."
"काय?"
कानाखाली बोट लावून सरळ केली.
देवगाव फाट्यापर्यंत राहिली.
मग हळूहळू, कापड उतरावं तशी,
गेली तिकडंच.
समोरच्या ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी केला,
हात केला.
यांनीही केला.