कुसळ

मे महिना. सेमिनरी हिल्सच्या मागं,
खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा,
आम्ही दोघी बहिणी निवडुंग पाहायला गेलो.
शहाण्यांनी कूलरपुढं झोपायची वेळ.

उकंडराव माळी कपानं पाणी घालत होते,
चहाच्या, कान तुटलेल्या.
"जास्त झालं का सडते हे, बाई.
तहानेनं नाई मरत."

कुमुदताईनं ऐकलं. मीही.
अकरा महिने धड बोललो नव्हतो,
आईच्या पाटल्यांवरून.

एक होतं पांढऱ्या लवेचं,
आईच्या अंबाड्याएवढं.
हात लावलाच मी.

परतताना ऑटोत
तिनं चष्मा कपाळावर सरकवला,
माझं बोट उजेडात धरलं.
"हलू नको."

कुसळ निघालं की नाही, कोण जाणे.
बर्डी आली तरी
बोट तिच्याच हातात.