दोन मैल

पाटी सरकारी आहे, निळी. पांढऱ्या अक्षरांत
टर्लो काउंटी नास्तिक मंडळ,
खाली: पुढचे दोन मैल स्वच्छ ठेवणारे.
पहिली पाटी कुणी रातोरात उपटून नेली.
या दुसरीला दोन भोकं आहेत गोळीची,
एक 'नास्तिक'च्या काळजात, दुसरं कोपऱ्यात, गंजलेलं.
कुणी झाडल्या? देव जाणे,
असं मी अजून म्हणते. जीभ जुनी आहे,
या वयात तिला कोण शिकवणार.

मंडळ म्हणजे आम्ही अकरा जण. पाऊस असला तर सात.
महिन्याचा दुसरा शनिवार, सकाळी साडेसात,
बंद पडलेल्या पेट्रोल पंपासमोर.
नारिंगी जाकिटं, लांब चिमटे,
आणि ओरालियाची कॉफी,
जी प्यायल्यावर आमच्यातल्यालाही देव आठवावा.

ड्युइट एकवीस वर्षं पास्टर होता.
अर्ध्या काउंटीला त्यानं पाण्यात बुडवून वर काढलंय,
उरलेल्या अर्ध्याला मातीत ठेवलंय.
एका मंगळवारी गाडी धुताना त्याच्या ध्यानात आलं
की आपण बोलतोय, पलीकडे कुणी नाही.
बायको राहिली. घर गेलं,
ते चर्चचं होतं.

आर्कान्सॉच्या या भागात नव्या माणसाला
आडनाव विचारावं तसं विचारतात,
तुम्ही कुठल्या चर्चचे?
माझा हॅरल्ड गेला तेव्हा
माझ्या दारात एकही झाकलेलं पातेलं आलं नाही.
गाव वाईट नाही हो.
पातेली चर्चमधल्या यादीवरून निघतात,
आणि मी यादीत नव्हते.
नवव्या दिवशी एक अनोळखी बाई आली, हातात पान्हा.
सिंक तुंबलं होतं ते मोकळं केलं,
ओट्यावर टेकून म्हणाली, आता रडा.
ती ओरालिया.

टोबिन सतरा वर्षांचा. घरी सांगितलंय,
कॉलेजच्या अर्जासाठी समाजसेवेचे तास भरतोय.
हे खोटं नाही. खरंही
जरा कमीच आहे.

ऑक्टोबरात, दुसऱ्या मैलाच्या वळणावर
गवतात एक पांढरा क्रूस आडवा पडलेला दिसला.
प्लॅस्टिकची फुलं, उन्हानं विटलेली टोपी,
आणि नाव: कोल्टर. वय एकोणीस.
मी स्कूलबस चालवायचे तेव्हाचा.
डावीकडची तिसरी सीट, वळण आलं की ओकायचा.
याच वळणावरही.

टोबिन पिशवीचं तोंड उघडं धरून म्हणाला,
हे कचऱ्यात धरायचं का?
टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारत होता.
कुणी काही बोललं नाही. एक ट्रेलर गेला, धूळ बसली.
मग ड्युइट गुडघ्यांवर बसला.
त्याला गुडघ्यांवर बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.
दगडानं ठोकून त्यानं क्रूस उभा केला,
बोटानं सरळ आहे का ते मापलं, पुन्हा ठोकला.

तेवढ्यात मागे पिकअप थांबली.
उतरलेल्या बाईनं जाकिटं पाहिली,
मग मागे वळून दूरची पाटी.
ते लोक म्हणजे तुम्ही?
हो, ओरालिया म्हणाली, तेच.
आणि तिखट जिभेची ही बाई
थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून पुढे करून उभी राहिली.
बाईनं घोट घेतला. तोंड वाकडं केलं.
टोपीवरची माती झटकली, परत ठेवली, पुन्हा झटकली.
म्हणाली, मी तुमच्यासाठी प्रार्थना करेन.
आमच्यापैकी दोघे-तिघे अशा वेळी वाद घालतात.
त्या दिवशी त्यांनी बुटांकडे पाहिलं.
करा, ड्युइट म्हणाला.
पण खांब खालून कुजलाय.
पुढच्या खेपेला डांबर लावून दुसरा आणतो.

चौदा पिशव्या भरल्या त्या दिवशी,
एक टायर, एक बाळाचा बूट.

नोव्हेंबरात पाटीला तिसरं भोक होतं.
ड्युइटनं त्यात करंगळी घालून पाहिली,
म्हणाला, नेम सुधारतोय पोराचा.
मग आम्ही गाडीतून खांब उतरवला.
डांबर अजून ओलं होतं,
हात काळे झाले सगळ्यांचे.